लाल दोऱ्याची सही

बिड्या वळून उठलं की लुगडं झटकायचं असतं, कारण निऱ्यांत तंबाखूची भुकटी बसलेली असते. कितीबी झटका, संध्याकाळी घडी घालताना चिमूटभर पुन्हा निघतेच. आमच्या ओट्यावरच्या गोष्टींचं तसंच झालंय. संपल्या म्हणून उठावं, तर कुणीतरी म्हणतं, "ताराक्का, ती जेल पेनची सांगा की!" आणि त्या एकीच्या मागनं आणखी चार निघतात.

मी बोलते, पद्माक्काची सून लिहून घेते. ती मधेच हसते, तेव्हा एखादी ओळ वाकडी गेली तर मला बोलू नका.

यंदा ह्या सगळ्या गोष्टी वर निघाल्या त्या शाळेच्या चिठ्ठीमुळं. निपाणीत आमच्या गल्लीच्या टोकाला मराठी शाळा आहे. तिथल्या मगदूम बाईंनी पोरांच्या हाती चिठ्ठी धाडली. मुलांना गृहपाठ देणं बंद करावं का, पालकांनी शनिवारी येऊन मत सांगावं.

पोरांनी गल्लीत उड्या मारल्या. मी मात्र ती चिठ्ठी पद्माक्काकडनं दोनदा वाचून घेतली.

माझी नात चिमी चौथीत. तिचा बाप, म्हणजे माझा संजू, बेळगावला सांबऱ्याच्या बाजूला एका वर्कशॉपमधे आहे. सून रेश्मा खडेबाजारात साडीच्या दुकानात. दोघं सकाळी जाणार, दिवेलागणीला येणार. म्हणून चिमी तीन वर्षांची असल्यापासनं माझ्याजवळ. दिवाळीला रेश्मा म्हणाली, "आत्ती, पाचवीपासनं होमवर्क लई वाढतोय. हितं तिचा कोण घेणार? जूनमधे तिला बेळगावला नेतो. होमवर्क नसता तर ऱ्हाऊ दिली असती तुमच्याजवळ."

म्हणजे बघा. होमवर्क बंद झाला तर चिमी माझ्याजवळ. चालू राहिला तर बेळगावची गाडी. आता मी शनिवारी काय मत देणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता!

पण आधी आमच्या ओट्यावर होमवर्क कसा चालतो ते ऐका.

*

ओटा पद्माक्काच्या घरचा. पद्माक्का जैनाची. घरात कन्नड बोलते, आमच्याशी मराठी, आणि रागावली की दोन्ही एकदम. ती तंबाखूला हात लावत नाही. ती आपली ताटात डाळ-तांदूळ निवडत बसते. तिच्या पलीकडं मी आणि हौसाक्का मांडीवर सुपं घेऊन बिड्या वळतो. आम्ही तीन आज्ज्या आणि तीन नातवंडं: माझी चिमी, पद्माक्काचा सम्मेद आणि हौसाक्काचा बंड्या. शाळा सुटली की तिघं दप्तर टाकून, भाकरीचा तुकडा तोंडात कोंबून ओट्यावर येतात.

तिघींत शिकलेली एकटी पद्माक्का, तीबी कन्नड शाळेत चौथीपर्यंत; मराठी वाचायला पोरांच्या पुस्तकांतनं शिकली. मला आणि हौसाक्काला अक्षर येत नाही. पण पोराचा होमवर्क तपासायला अक्षर कशाला लागतं? हौसाक्काची स्वतःची पद्धत होती. ती वहीचं पान उलटायची आणि मागच्या बाजूनं बोट फिरवायची. बॉलपेन दाबून लिहिलं की मागं खरखरीत लागतं. खरखरीत लागलं म्हणजे अभ्यास झाला. गुळगुळीत लागलं म्हणजे बंड्यानं टंगळमंगळ केली. तीन वर्षं ह्या पद्धतीत एकदाबी चूक झाली नाही.

मग बंड्याच्या मामानं त्याला वाढदिवसाला जेल पेन दिलं.

त्या दिवशी पोरगं लई मन लावून बसलं. नवं पेन, निळी शाई. एक नाही, दोन नाही, तीन पानं लिहिली. मान वर केली नाही. हौसाक्कानं सूप बाजूला ठेवलं, हात पदराला पुसला, पान उलटलं आणि बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग बंड्याकडं बघितलं.

"कोराच हाय की रं!"

"आज्जी, लिवलंय बघ की! निळं दिसंना व्हय?"

"निळं मला सांगू नगंस. माझं बोट खोटं बोलत न्हाय. बस खाली!"

पोरगं रडकुंडीला आलं. आम्ही मधे पडलो. पण हौसाक्का कुठली ऐकते! शेवटी बंड्यानं तीच तीन पानं बॉलपेननं पुन्हा गिरवली. हौसाक्कानं मागनं बोट फिरवलं आणि खूश होऊन म्हणाली, "आता कसं? पहिल्यांदाच केलं असतंस तर खेळायला गेलतास की!"

*

गणित माझ्याकडं. हसू नका, खरंच माझ्याकडं. पंचवीस बिड्यांचं एक बंडल आणि चाळीस बंडलं म्हणजे हजार. पन्नास वर्षं हेच केलंय. पंचवीसचा पाढा मला झोपेतनं उठवून विचारा, कूस न बदलता सांगीन.

एकदा चिमीला गणित आलं. एका पेटीत पंचवीस आंबे, अशा चाळीस पेट्या, तर एकूण आंबे किती?

चिमीनं बोटं मोजायला सुरुवात केली. मी म्हटलं, "अगं, त्यात काय मोजतीस? हजार!"

ती लिहायला लागली तशी माझ्या ध्यानात आलं. कारखान्यात हजार बिड्या म्हणून कुणी हजार नेत नाही. तिथं तपासणारा बसलेला असतो. एखादी सैल, एखादी फाटकी, एखादी वाकडी निघते. त्या तो बाजूला टाकतो, त्याला छाट म्हणतात. म्हणून शहाणी बाई घरनंच दोन बंडलं जास्तीची नेते.

"चिमे, थांब. दोन पेट्या वर धर. छाटीला."

चिमीनं खोडलं आणि एक हजार पन्नास लिहिलं. सम्मेदनं तिचं बघून लिहिलं. बंड्यानं सम्मेदचं बघून लिहिलं.

दुसऱ्या दिवशी तिघांच्या वहीवर लाल फुली! मगदूम बाई संध्याकाळी गल्लीतनं जाताना मुद्दाम ओट्यापाशी थांबल्या. "ताराआज्जी, पंचवीस गुणिले चाळीस एक हजार पन्नास कसे हो?"

मी सगळं समजावून सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अहो, पण हे आंबे आहेत."

मी म्हटलं, "मग तुमच्या आंब्यात एकबी नासका निघत न्हाय व्हय?"

बाई हसून पुढं गेल्या. पण पुढच्या आठवड्यात पेन्सिलींचं गणित दिलं.

*

कन्नड पद्माक्काकडं. आमच्या भागात पोरांना शाळेत मराठी, कन्नड, इंग्लिश, सगळंच लागतं. पद्माक्का डाळ निवडता निवडता शब्द सांगायची आणि पोरं लिहायची. कुणी थांबलं की "बरी, बरी!" म्हणजे कन्नडात लिही, लिही.

पद्माक्काचा एक नियम मात्र पक्का. सूर्य बुडायच्या आत तिचं जेवण झालं पाहिजे. त्यामुळं ऊन समोरच्या भिंतीवर चढलं की ती ताट उचलायची आणि कन्नड तिथंच संपायचं. पोरांना हे घड्याळ तोंडपाठ. थंडीत दिवस लहान झाला की तिघं खूश. बंड्या तर भिंतीकडं बघत शब्द लिहायचा. "पद्मा आज्जी, ऊन पत्र्यावर गेलं. भूक लागली असंल तुमास्नी."

पण जैनांच्या पर्वाचे दिवस आले. एक दिवस पद्माक्कानं कडक उपास धरला. जेवायचंच नाही, मग उठायचं कशाला? ऊन भिंतीवर चढलं, पत्र्यावर गेलं, निघून गेलं. पद्माक्का आपली शब्द सांगतेच आहे! दिवे लागले तरी "बरी, बरी!" चाललेलं. पोरांची बोटं दुखायला लागली.

पुढच्या वर्षी पर्व आलं, तसा बंड्या शाळेतनं थेट घरी गेला आणि एक केळं घेऊन ओट्यावर आला. पद्माक्काच्या पुढं ठेवलं.

"एवढं खावा, पाया पडतो."

"अरं, माजा उपास हाय आज."

"तेच म्हणतोय आज्जी! आमचा बी जीव हाय की!"

*

आता सहीचं सांगते.

शाळेतनं डायरी यायची. रोज होमवर्क झाला की खाली पालकांची सही. चिमीची डायरी तीन दिवस तशीच गेली आणि चौथ्या दिवशी बाईंचा शेरा आला, 'पालकांची सही नाही.' पद्माक्कानं वाचून दाखवला.

"अंगठा लाव," हौसाक्का म्हणाली.

मला ते काही पटेना. अंगठा काय, कुणीबी कुणाचा धरून लावावा. मी डायरीच्या पानाचा खालचा कोपरा धरला, बिडीसारखा बारीक वळला आणि सुपातला लाल दोरा घेऊन त्याला दोन वेढे दिले. दोऱ्याचं टोक वेढ्याखालनं ओढून घेतलं. गाठ मारायची नाही. चांगल्या बिडीला गाठ नसते. झाली माझी सही!

दुसऱ्या दिवशी बाईंनी निरोप पाठवला, "सही पोचली."

मग हौसाक्कानं हिरवा दोरा घेतला. पद्माक्काला कन्नडात झोकदार सही येते. पण तिला वाटलं आपणच का मागं? तिनं तंबाखूचा दोरा नको म्हणून देवघरातला पिवळा घेतला. असं करत गल्लीतल्या आणखी पाच-सहा आज्ज्या आमच्यात आल्या. वर्गात डायऱ्यांचा गठ्ठा ठेवला की कोपऱ्यांना रंगीबेरंगी बिड्या लागलेल्या!

एक दिवस बेळगावहून मोठे साहेब शाळा तपासायला आले. त्यांनी गठ्ठा बघितला. "हे काय?"

मगदूम बाई म्हणाल्या, "सर, पालकांच्या सह्या."

आमच्या भागातले साहेब. त्यांनी पहिला प्रश्न काय विचारावा?

"कुठल्या भाषेत?"

 बाई गठ्ठा उलटासुलटा करायला लागल्या. तेवढ्यात सम्मेद उभा राहिला. "सर, लाल मराठीत हाय, पिवळी कन्नडात. गाठ कुठल्याच भाषेत न्हाय!"

*

गाठीवरनं आठवलं.

चिमीला एकदा खेळायचं होतं. तिनं होमवर्क केलाच नाही. माझ्या सुपातला दोरा चोरला, कोपरा वळला, वेढे दिले. पण टोक ओढून घ्यायची ती शेवटची फिरकी तिला जमेना. मी कैकदा शिकवली होती, तिची बोटं वळतच नव्हती. तिनं आपली बारीक गाठ मारली आणि डायरी देऊन टाकली.

बाईंनी डायरी हातात घेतली, कोपऱ्यावर नख फिरवलं आणि वर्गात सगळ्यांसमोर म्हणाल्या, "चिमी, आज्जी गाठ मारत नाही!"

पोरगी घरी आली ती माझ्या पदरात तोंड खुपसूनच. मी विचारलं, "मारलं का गं बाईंनी?"

"न्हाय."

"मग रडतीस कशाला?"

"मला तुझी सही जमत न्हाय!"

*

आणि एकदा पोरांना निबंध आला. 'आजी-आजोबांना त्यांच्या लहानपणीच्या अभ्यासाबद्दल विचारा आणि लिहा.'

चिमी पेन घेऊन बसली. "आज्जी, तुझ्या लहानपणी होमवर्क किती असायचा?"

"पाचशे," मी म्हटलं.

"पाचशे काय?"

"बिड्या. आई हजार वळायची, मी पाचशे. वळून झाल्याबिगर खेळायला सोडायची न्हाई."

"मग शाळंत कवा जायचीस?"

मी दोरा तोडला आणि दुसरी बिडी घेतली. पद्माक्का उगीच डाळीतला एकच खडा शोधत राहिली.

चिमीनं काय लिहिलं ते मला दोन दिवसांनी कळलं. बाईंनी वर्गात वाचून दाखवलं म्हणे. 'माझ्या आजीला शाळा नव्हती पण होमवर्क होता. तो तिने आजपर्यंत अपुरा ठेवलेला नाही.'

बाईंनी त्याला स्टार दिला. चिमीनं तो वहीतनं काढून माझ्या सुपाला चिकटवला. अजून आहे. थोडा काळा पडलाय, तंबाखूनं.

*

आता तो शनिवार.

शाळेचा वर्ग भरून माणसं. पोरं बाहेर खिडकीला लोंबकळलेली. आम्ही तिघी पुढच्या बाकावर, गुडघे पोटाशी घेऊन, कारण बाक दुसरीतल्या पोरांचे!

एक रिक्षावाले आप्पा उठले. "बंद करा बाई. पोरांचा होमवर्क म्हणजे आमच्या घरात रोज भांडण. पोरगी रडती, तिची आई रडती, मी गाडीत जाऊन बसतो."

दुसरी एक बाई म्हणाली, "बंद केला तर काय पुस्तकं वाचणार हाईत? मोबाइल घिऊन बसत्यात."

तिसऱ्या एकाचं म्हणणं, "शाळंत सात तास काय करता मग? आमी काम घरी आणतो का?"

हौसाक्का जाग्यावरनंच ओरडली, "आमी आणतो! सुपासकट!"

सगळे हसले. हसणं थांबल्यावर मगदूम बाईंनी माझ्याकडं बघितलं. "ताराआज्जी, तुमचं काय मत?"

मी उभी राहिले. घरनं शब्द ठरवून आले होते. दोनच शब्द: बंद करा. ते म्हटले की चिमी माझी. रेश्माला बोलायला तोंड नाही.

तोंड उघडलं आणि खिडकीकडं नजर गेली. बंड्या, सम्मेद आणि मधे चिमी, गजांत नाक खुपसून. मला ओटा दिसला. उन्हाची भिंत दिसली. केळं दिसलं. आणि होमवर्क नसता तर पाच वाजता ही तिघं तीन दिशांना गेली असती आणि आम्ही तिघी तीन घरांत, हेबी दिसलं.

मी म्हटलं, "बाई, चालू ठेवा. पण पद्माक्काच्या जेवणाच्या आत संपंल, एवढाच द्या."

खाली बसले तेव्हा कळलं आपण काय बोललो. पद्माक्कानं माझ्या दंडाला चिमटा काढला. "अगं बाई, सोताच्या तोंडानं नात घालवलीस की!"

शाळेनं तसंच ठरवलं. अर्धा तास. त्यापेक्षा जास्त नाही. पोरं अजून त्याला 'पद्मा आज्जीचा टाइम' म्हणतात.

*

जूनमधे संजू आला आणि चिमीला घेऊन गेला. जाताना पोरगी रडली नाही. मीबी नाही. हौसाक्का मात्र गाडी वळेपर्यंत दोघींच्या वाटचं रडली.

घरी येऊन सूप घेतलं तर लाल दोऱ्याचं रीळच गायब! मी बंड्यावर डाफरले. "तूच घेतलंस! पतंगाला न्हेलं असशील!" पोरगं देवाची शपथ घेत होतं. मी काही ऐकून घेतलं नाही. नवं रीळ आणलं आणि बंड्याशी दोन दिवस बोलले नाही.

आठ-दहा दिवसांनी रेश्माचा फोन आला. आवाज जरा चोरटा.

"आत्ती, एक सांगायचं होतं. रागवू नगा."

"काय झालं? पोरगी बरी हाय न्हवं?"

"बरी हाय. कॅम्पातल्या शाळंत घातलीया. लई चांगली शाळा हाय. पण आत्ती... हितं होमवर्कच देत न्हाईत. नवीन पद्धत हाय म्हणं."

मी हसायला लागले. हसता हसता सूप कलंडलं आणि दोनशे बिड्या अंगणात! हौसाक्का गोळा करता करता विचारतेय, "काय झालं? काय झालं?" आणि मला बोलता येईना.

शेवटी फोनवर म्हटलं, "मग काय गं? आता होमवर्कच न्हाय. आणून सोडता का माझी चिमी?"

पलीकडनं दार लोटल्याचा आवाज आला. 

मग रेश्मा हळूच म्हणाली, "आत्ती, आता माझ्याशेजारी झोपती हो ती."

सहा वर्षं ही बाई सुट्टीत येऊन लेकराची वेणी घालायची आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं जायची. हे मी दर खेपेला बघितलं होतं आणि कधी बघितलं नव्हतं.

"मग हे आधी सांगायचं हुतंस. होमवर्कचं नाव कशाला घेतलंस?"

"तुमच्यापुढं दुसरं कुठलं कारण टिकलं असतं का, आत्ती?"

मी फोन ठेवला आणि सांडलेल्या बिड्या मोजत बसले. पद्माक्काला सांगितलं तर ती म्हणाली, "तुझी सून तुझ्यावर गेलीया."

*

त्या फोनपासनं संजू दर रविवारी येतो. येताना बेळगावचा कुंदा आणतो. पहिल्या रविवारी कुंद्याच्या खोक्याखाली एक वही होती.

"ही काय रं?"

"चिमीनं दिलीया. शाळंत होमवर्क न्हाय म्हणून तिचं तीच लिवती. तुझी सही पायजे म्हणं. रेश्मानं केली तर खोडून टाकली तिनं."

सात पानं होती. मी कोपरे वळले, दोरा घातला. हौसाक्कानं मागनं बोट फिरवलं. खरखरीत! सगळ्या पानांवर!

आठवं पान उघडलं तर वर एकच अक्षर, हे एवढं मोठं. खाली दहा ओळी रिकाम्या.

"हे राहून गेलं वाटतं तिचं," मी म्हटलं.

पद्माक्कानं चष्मा लावला आणि वही जवळ धरली. पानाच्या डोक्यावर बारीक अक्षरात काहीतरी होतं. ते वाचून ती हसायलाच लागली. "तिचं न्हवं, तुझं हाय! 'आजीचा होमवर्क' म्हणून लिवलंय!"

"मी काय शाळंत हाय व्हय?"

"बरी, बरी!" पद्माक्का म्हणाली.

तो आठवडा मला विचारू नका. बिडी वळणारी बोटं, पण पेन धरलं की लाकडाची होतात. बंड्या आणि सम्मेद होमवर्क करायचे आणि त्यांच्या शेजारी मी. बंड्यानं सगळा सूड उगवला. "तारा आज्जी, 'क'च्या पोटात गोल यंना तुमचा! पुन्यांदा!" शनिवारी दहा ओळी झाल्या तेव्हा त्यानंच पान उलटलं, मागनं बोट फिरवलं आणि गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला, "खरखरीत लागतंय! झालाय अभ्यास!"

संजूबरोबर वही पाठवली. पुढच्या रविवारी परत आली. पानावर लाल पेनानं शेरा. पद्माक्कानं वाचला, 'अक्षर सुधारणे. पुन्हा लिहा.'

"बघ की गं! माझ्याच नातीनं!"

"बाई कडक हायत," हौसाक्का म्हणाली.

पुन्हा लिहिलं. दहा ओळी. एक ओळ खोडली, म्हणून अकरावी घातली. छाटीला.

त्याच्या पुढच्या रविवारी संजू आला तेव्हा आम्ही तिघी ओट्यावरच होतो. ऊन नुकतंच भिंतीवर चढत होतं. मी आधी खोकं उघडलं नाही. वही घेतली, पान काढलं. लाल शेरा कुठंच नव्हता.

पानाचा खालचा कोपरा बारीक वळलेला होता. बारीक म्हणजे अगदी कारखान्यात पास होईल असा. त्यावर लाल दोऱ्याचे दोन वेढे.

मी नख फिरवून बघितलं.

गाठ नव्हती.